मोहम्मद अली रोडवरचा गाळा : किल्ली हातात, कागद कुठे?

मोहम्मद अली रोडवर ज्यांचे दुकान आहे अशा कोणत्याही व्यापारीबंधूला दोन प्रश्न विचारून पाहा. पहिला प्रश्न : शेजारच्या दुकानात माल कुठून येतो आणि काय भावाने जातो? याचे उत्तर ते हातातली चहाची कटिंग खाली न ठेवता देतील. दुसरा प्रश्न : तुमच्या डोक्यावर ही जी चार माळ्यांची इमारत उभी आहे ती कोणत्या साली बांधली, आज तिचा मालक कोण, आणि तिच्या तुळयांची तपासणी शेवटी कधी झाली? आता मात्र ते बाहेर येऊन एकदा वर बघतील आणि म्हणतील, "वालिदसाहेबांना ठाऊक होते."

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. इमारतींचा इतिहास हा फुरसतीच्या लोकांचा, फोटो काढत फिरणाऱ्यांचा विषय आहे असा आपल्या व्यापारी वर्गाचा समज आहे. तो समज आता महाग पडू लागला आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. रुग्णालयापर्यंतच्या पट्ट्यात जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत, काही पाडल्या गेल्या, काही आपणहून कोसळल्या. नव्या इमारतीत कुणाला गाळा मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरते ते जुन्या इमारतीच्या इतिहासावरून, म्हणजेच तिच्या कागदांवरून. हा इतिहास ज्याच्या पेटीत आहे तो टिकेल. ज्याच्या फक्त आठवणीत आहे त्याचे कठीण आहे.

पाडापाडीतून जन्मलेला रस्ता

आजचा हा रुंद रस्ता मुळात नव्हता. इथे होत्या अरुंद गल्ल्या, दाट वस्ती, खाली वखार आणि वर बिऱ्हाड. पायधुनीला एके काळी खाडीचे पाणी येई आणि माणसे तिथे पाय धूत, म्हणून ते नाव, असे जुने लोक सांगतात. भेंडी बाजाराचे नाव तिथल्या भेंडीच्या झाडांवरून पडले असे म्हणतात. १८९६ साली शहरात प्लेग आला. मांडवीत पहिला रोगी सापडला आणि काही महिन्यांत निम्मे शहर गाव गाठू लागले. कोंदट घरे, उजेड नाही, वारा नाही, म्हणून रोग पसरतो, असा सरकारचा निष्कर्ष झाला, आणि १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राचा वारा आत आणायचा, हे त्याचे काम. नागपाड्यापासून सुरुवात झाली. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला. उत्तर-दक्षिण जाणारा हा आपला रस्ताही त्याच ट्रस्टच्या आखणीतला. खिलाफत चळवळीतील मौलाना मोहम्मद अली यांचे नाव त्याला मिळाले, आणि पुढचा भाग इब्राहिम रहिमतुल्ला रोड झाला. १९३१ ते १९३३ या काळात दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष असलेले सर इब्राहिम रहिमतुल्ला ते हेच.

ट्रस्टने रस्ते चांगले काढले, यात शंका नाही. हवा आली, उजेड आला, दोन्ही बाजूंना सरळ रेषेत इमारती उभ्या राहिल्या आणि दुकानाला दर्शनी भाग मिळाला. पण या सुधारणेची किंमत कुणी दिली? ज्यांची घरे पाडली त्यांनी. पहिल्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या त्या मानाने बांधल्या फार थोड्या. मालकाला जमिनीचा मोबदला मिळाला. भाड्याने राहणाऱ्या, भाड्याने धंदा करणाऱ्या माणसाला जवळजवळ काहीच मिळाले नाही, कारण तो कुणाच्याही वहीत नव्हता. तो उठून पलीकडच्या गल्लीत गेला आणि तिथली गर्दी आणखी वाढली. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. तो हिशेब तिथेच मिटला, पण धडा राहिला : जो वहीत नाही, त्याला सुधारणेत जागा नाही.

ज्या इमारती टिकल्या त्या का टिकल्या

या रस्त्याच्या आसपासच्या मोठ्या इमारतींकडे पाहा. दक्षिणेच्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सन याने आराखडा केला, १८६९ साली काम पूर्ण झाले. दगड कुर्ल्याचा आणि वसईचा तांबूस, दारावरची शिल्पे लॉकवुड किपलिंगची. महापालिकेचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. बाजार हीसुद्धा शहराची शान असू शकते, असे मानणारा तो काळ होता.

तिथून हाकेच्या अंतरावर मुंबईची जामा मशीद. १७७५ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले आणि १८०२ साली ती पूर्ण झाली. जुन्या तलावावर ती उभी आहे. तलाव बुजवला नाही, पाण्यातून दगडी कमानी उचलल्या आणि त्यावर मशीद बांधली. आजही वजूसाठी तेच पाणी आहे आणि त्यात मासे आहेत. तिचा कारभार कोकणी मुसलमानांच्या जमातीकडे राहिला. ज्या नाखुद्यांनी आणि व्यापाऱ्यांनी कोकणातून येऊन या शहरात पैसा कमावला, त्यांनी तो इथे लावला. पुढे मेमन बंधूंची मिनारा मशीद आहे. भेंडी बाजाराच्या बाजूला इमामवाड्यात निळ्या फरशांची इराणी मशीद आहे, तिला लोक मोगल मशीद म्हणतात. ती हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी १८६० साली बांधली. बोहरा बंधूंचा रौदत ताहेरा १९७५ चा, ज्याच्या आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत आहे. आणि उत्तरेला जे. जे. रुग्णालय, १८४५ साली सुरू झालेले.

आता यांच्यामध्ये ज्या शेकडो साध्या इमारती आहेत त्यांच्याकडे पाहा. विटांच्या भिंती, सागवानाचे खांब आणि तुळया, मागच्या बाजूला लाकडी जिना, पुढे गॅलरी. त्यांपैकी कित्येक आज टेकूंवर उभ्या आहेत. दोन्ही प्रकारच्या इमारती एकाच हवेत, एकाच पावसात उभ्या आहेत, वयातही काही जोड्या सारख्या आहेत. मग फरक कशाचा? फरक एवढाच की मशिदीला, मंडईला, रुग्णालयाला एक जबाबदार धनी आहे, त्यांची हिशेबवही आहे, दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला पैसा आहे. पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा दगड-चुना टिकतो आणि शंभर वर्षांचे सागवान कुजते, याचे कारण सामानात कमी आहे, व्यवस्थेत जास्त आहे.

खालचे दुकान वरच्या हातांवर

आपल्या रस्त्याची रचना धंद्याच्या सोयीची आहे. तळमजल्यावर दुकान, पोटमाळ्यावर माल, पहिल्या माळ्यावर गोदाम किंवा पेढी, आणि त्याच्या वर कारागीर. टोपी विकणाऱ्याचा शिवणारा तिसऱ्या माळ्यावर. किताबवाल्याचा जिल्दसाज मागच्या जिन्याने चढून गेले की सापडतो. आरीकाम करणारी मुले एका खोलीत चौकटीभोवती बसलेली असतात. लग्नसराईत दुपारी ऑर्डर आली तर संध्याकाळी माल खाली येतो, आणि त्यासाठी टेम्पो लागत नाही, माणूस जिना उतरून येतो. अब्दुल रेहमान स्ट्रीटचा कागद, नागदेवीचे हत्यार, लोहार चाळीचे विजेचे सामान, सगळे पायी अंतरावर. बाहेरगावचा व्यापारी सकाळी गाडीने उतरतो, जोहर-असरपर्यंत खरेदी करतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो, तो या जवळिकीमुळे. ही जवळीक हेच या बाजाराचे खरे भांडवल आहे. मॉलमध्ये काचा चांगल्या असतील, पण मॉलच्या तिसऱ्या माळ्यावर जिल्दसाज बसत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, वरचा कारागीर गेला तर खालचे दुकान फक्त दुसऱ्याचा तयार माल विकणारा ठेला होईल. तो माल मग कुठेही मिळतो, आणि ग्राहकाला इथपर्यंत येण्याचे कारण उरत नाही.

गोठलेले भाडे आणि कुजलेली तुळई

इमारतींची ही दशा का झाली, याबद्दल दुकानदार मालकाला दोष देतो आणि मालक दुकानदाराला. दोघांचेही थोडे खरे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढू नयेत म्हणून निर्बंध आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण मानले. युद्ध संपले, रुपयाची किंमत उतरत गेली, भाडे तिथेच राहिले. ज्या गाळ्यात दिवसाला हजारोंचा गल्ला होतो त्याचे महिन्याचे भाडे दोन वेळच्या जेवणाइतकेही नाही, अशी उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. व्यवहार पगडीवर चालू लागला, तोही बराचसा अंधारात, कारण जुन्या कायद्यात पगडी घेणे गुन्हा होता. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीचे काम मंडळाकडे घेतले. तेव्हा अशा इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. पुढे हे मंडळ म्हाडात आले. पैसा तुटपुंजा, इमारती अफाट. टेकू लागले, छप्परे बदलली, पण मूळ दुखणे राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली आणि पगडीच्या व्यवहाराला कायद्यात जागा दिली. पण मूळ भाडेच इतके थोडे की त्यावर चार टक्के वाढून इमारत दुरुस्त होणे शक्य नव्हते.

हे झाले सरकारचे आणि मालकाचे. आता आपल्या वर्गाने स्वतःकडेही पाहावे. दर्शनी भाग मोठा हवा म्हणून मधली भिंत कुणी काढली? शटर बसवताना खांब कुणी तासला? पोटमाळ्यावर कागदाची रिमे आणि लोखंडी सामान छतापर्यंत कुणी भरले? वरच्या माळ्यावरची मोरी गळते, पाणी तुळईच्या टोकाशी मुरते आणि लाकूड भिंतीच्या आत कुजते, हे खालच्या दुकानात ओल आली तेव्हाच कळले होते. आपण त्या ओलीवर प्लायवूडचे खोटे छत मारले आणि त्यात दिवे लावले. सागवान वर्षानुवर्षे सहन करते, पण तुळईचे टोक एकदा गेले की खालच्या माणसाला दुसरी सूचना मिळत नाही.

वरून गेलेला पूल

२००२ साली या रस्त्याच्या डोक्यावरून उड्डाणपूल सुरू झाला. क्रॉफर्ड मार्केटजवळ चढतो, जे. जे. च्या पुढे उतरतो, लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर. माहीमचे कुत्बे कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला दिले आहे. शहराच्या दृष्टीने सोय झाली, हे मान्यच केले पाहिजे. पूर्वी इथून जाताना मोटारीत तासभर बसावे लागे.

पण बाजाराच्या दृष्टीने काय झाले, हे कुणी विचारले नाही. जी मोटार पूर्वी मिनारा मशिदीपाशी अडकायची आणि त्यातला माणूस उतरून मिठाई किंवा अत्तर घेऊन जायचा, ती आता पहिल्या-दुसऱ्या माळ्याच्या उंचीवरून निघून जाते. खाली सावली, धूर आणि हातगाड्या. वर राहणाऱ्यांच्या खिडकीसमोर चोवीस तास गाड्या. रमजानच्या रात्री जी गर्दी लोटते ती खाण्याच्या धंद्याला तारते, ठोक व्यापाराला तिचा उपयोग थोडा. आम्ही पुलाच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे इतकेच की, एवढा मोठा बदल आपल्या दारावरून गेला आणि आपली तक्रार, आपली सूचना, आपली आकडेवारी त्याच्या नकाशावर उमटली नाही. कारण या रस्त्यावर किती दुकाने, किती कारखाने, किती हात, याची एकही यादी आपल्याकडे नव्हती. ती आजही नाही.

आता काय चालले आहे

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि दहाहून अधिक माणसे गेली. या दोन्ही जागा मोहम्मद अली रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. या घटनांनंतर जुन्या इमारती जशाच्या तशा ठेवा असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि कुणात असू नये. जुन्या इमारतीच्या प्रेमापेक्षा तिच्यात झोपणाऱ्या मुलाचा जीव मोठा आहे.

भेंडी बाजारात बोहरा जमातीच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून समूह पुनर्विकास हाती घेतला. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांहून अधिक कुटुंबे आणि बाराशेहून अधिक दुकाने. त्यातील पहिले मनोरे उभे राहिले आणि लोक तिथे राहायला गेले. या कामाबद्दल मतभेद असू शकतात, वेळ लागला, गल्ल्यांचे जुने रूप गेले. पण एक गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे : तिथे दुकान आणि घर यांची मोजणी आधी झाली, एक संस्था पुढे उभी राहिली, आणि बोलणी एकेकट्याने न होता एकत्र झाली. मोहम्मद अली रोडच्या उरलेल्या भागात हे तिन्ही नाही. इथे मालक अनेक, कित्येक इमारती ट्रस्टांच्या, काहींचे वारस परदेशात, काहींचे दावे कोर्टात. बिल्डर येतो तो एका इमारतीपुरता, आणि बोलतो तो एकेका भाडेकरूशी, दार बंद करून.

तारखा आणि कागद

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण फसवणूक याच ठिकाणी होते. शहर विकास नियमावलीच्या ३३(७) या नियमाप्रमाणे उपकर असलेली जुनी इमारत पाडून नवी बांधली तर बिगरनिवासी भाडेकरूला, म्हणजे दुकानदाराला आणि कारखानदाराला, जुन्या इमारतीत जितकी जागा त्याच्या ताब्यात होती तितकीच जागा नव्या इमारतीत मिळते. निवासी भाडेकरूसाठी किमान क्षेत्र ठरवून दिलेले आहे, तसे किमान दुकानासाठी नाही. म्हणजे मोजणीत जे लिहिले जाईल तेच तुमचे. पोटमाळा कागदावर नसेल तर तो धरला जाईल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. कोण भाडेकरू आणि कुणाची जागा किती, याची यादी दुरुस्ती मंडळ प्रमाणित करते. या नियमात १३ जून १९९६ ही तारीख महत्त्वाची आहे. त्यानंतर निर्माण केलेले नवे भाडेकरू हिशेबात धरले जात नाहीत. १९९६ च्या आधीची पावती ज्याच्याकडे आहे, आणि ती त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावाने आहे, त्याने ती सोन्याच्या बांगडीसारखी जपावी.

दुसरी तारीख १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी जे लोक परवान्याने, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने जागेत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. आपल्या रस्त्यावर असे जुने कारखाने आहेत ज्यांचा हक्क या तरतुदीत बसतो, पण त्यांना ते ठाऊक नाही. ते स्वतःला आजही मालकाच्या मेहेरबानीवर बसलेले समजतात.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. आमच्या ओळखीचे एक जिल्दसाज आहेत. वडील याच खोलीत बसत, आता तेही सत्तरीला आले. खोली एका दुकानदाराच्या नावावर, हे पोटात. दुकानदाराचे वडील आणि यांचे वडील एकाच गावचे, म्हणून शब्दावर व्यवहार. दर महिन्याला रोख पैसे दिले, पावती कधी मागितली नाही, मागणे बरे दिसले नसते. आता इमारतीत बोलणी सुरू आहेत. दुकानदाराला खाली गाळा मिळेल, वरच्या खोलीचे क्षेत्रही त्याच्याच नावाने धरले जाईल. जिल्दसाजाला काय? दुकानदार भला माणूस आहे, तो म्हणतो, "चाचा, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." आम्ही त्याच्या शब्दावर शंका घेत नाही. पण शब्द देणारा आज आहे, उद्या त्याची मुले असतील, आणि बिल्डरच्या करारनाम्यात चाचा नावाचा रकाना नसतो.

असे चाचा या रस्त्यावर एकटेदुकटे नाहीत. १८९८ नंतर ज्या माणसाला कुणी मोजले नाही, तोच हा माणूस आहे. तेव्हा मोजणारा ट्रस्ट परका होता, सरकार परके होते. आज त्याला यादीबाहेर ठेवणारे आपणच असू, तर दोष कुणाला द्यायचा?

आम्ही काय सुचवतो

पहिले, प्रत्येक इमारतीतील दुकानदारांनी आणि कारागिरांनी एक वही करावी. त्यात गाळा, माळा, लांबी-रुंदी, पोटमाळा, भाडे कुणाच्या नावाने, धंदा कोणता, कधीपासून, हे लिहावे. सोबत पावत्या, वीजबिले, गुमास्ता, जुनी विक्रीकर नोंदणी आणि आजची जीएसटी नोंदणी यांच्या प्रती लावाव्यात. भाड्याची पावती देणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तो देत नसेल तर भाडे मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवावे, म्हणजे पुरावा राहतो.

दुसरे, ज्या दुकानदाराच्या नावावर वरची खोली आहे आणि आत दुसरा कारागीर बसतो, त्याने बिल्डरशी बोलणी करण्याआधी त्या कारागिराशी लेखी समजूत करावी. पोटभाडे कायद्यात अडचणीचे आहे, हे आम्हास माहीत आहे. म्हणून वकिलाच्या सल्ल्याने करावी : भागीदारी असो, कामाचा करार असो, नव्या इमारतीत ठराविक मुदतीची जागा असो, की रोख मोबदला असो. काय करायचे ते दोघांनी ठरवावे, पण ते कागदावर असावे. हा उपकार नाही. त्या हातांवर त्या दुकानाने कमावले आहे.

तिसरे, बिल्डरशी एकेकट्याने बोलू नये. इमारतीची समिती करावी, तिने स्वतःचा वास्तुविशारद आणि स्वतःचा वकील नेमावा. विचारण्याचे प्रश्न ठरलेले असावेत : नवा गाळा रस्त्याच्या तोंडाला की मागे? दर्शनी रुंदी किती? माल उतरवण्याची जागा कुठे? बांधकाम चालू असताना दुकान कुठे चालणार आणि भाडे कोण देणार? तीन वर्षे बाजाराबाहेर गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणून हा शेवटचा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. आणि कारखान्यांसाठी एक माळा वेगळा ठेवता येईल का, हेही विचारावे.

चौथे, इमारत पाडेपर्यंत तिच्यात माणसे आहेत. पोटमाळ्यावरचा बोजा आजच कमी करावा, खांबाला हात लावू नये, खोटे छत काढून तुळईची टोके एकदा पाहावीत. दुरुस्ती मंडळाने इमारत धोकादायक ठरवली असेल तर गाळ्याच्या मोहाने आत थांबू नये. जागा सोडताना ताब्याचा लेखी पुरावा घेऊन सोडावी.

शेवटचे दोन शब्द

काही बंधू म्हणतील की हा बाजारच आता संपत आला, मुले ऑनलाइन विकतात, १९९२-९३ च्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडला गेली, आता इमारतींसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, घरे गेली तरी गाळे इथेच राहिले, आणि मुंब्र्याचा माणूस आजही सकाळची लोकल पकडून याच रस्त्यावर शटर उघडायला येतो. ज्या गोष्टीसाठी माणूस रोज दोन तास लोकलमध्ये उभा राहतो ती संपलेली नसते.

रस्ता एकदा बदलला तेव्हा आपले पूर्वज यादीत नव्हते. पूल आला तेव्हा आपण यादीत नव्हतो. आता तिसरी वेळ आहे. या वेळी यादी आपण करायची आहे, आणि ती करताना तिसऱ्या माळ्यावरच्या माणसाचे नाव पहिल्या पानावर लिहायचे आहे. त्याला फार काही लागत नाही : एक वही, एक रविवार, आणि मागच्या जिन्याने वर चढण्याची तयारी.